एक कयाक की दोन? मासेमारीसाठी टँडेम घेण्याआधी जोडप्याने करायचा हिशोब

कोकणातल्या खाड्यांत आणि गोव्याच्या नद्यांत आता सकाळी सकाळी कयाकवर रॉड घेऊन बसलेली माणसं दिसतात. त्यात जोडपीही असतात. ज्यांनी अजून कयाक घेतलेली नाही, त्यांचा पहिला प्रश्न बहुधा ठरलेला: दोघांत मिळून एकच टँडेम, म्हणजे दोघांनी बसायची कयाक, घेतली तर? पैसे वाचतील, सोबत होईल, पार्किंगमध्ये एकाच होडीची जागा अडेल. कारणं पटण्यासारखी आहेत, आणि म्हणूनच ती नीट तपासायला हवीत.

माझं मत आधीच सांगून टाकतो. टँडेमवर माणसं दोन बसतात, पण मासेमारी होते ती दीड माणसाची. एकाच्या हातात रॉड असेल, तेव्हा दुसऱ्याच्या हातात वल्हं लागतं. हे ज्यांना आवडतं, त्यांच्यासाठी टँडेमसारखी होडी नाही. ज्यांना हे खुपतं, त्यांची टँडेम दुसऱ्या हंगामात विकायला निघते. तुम्ही यातले कोण, हे दुकानात जाण्याआधी कळावं म्हणून पुढच्या पायऱ्या.

एक मर्यादा सांगतो. हे सगळं खाडी, नदीचं मुख सोडून आतलं पाणी आणि धरणांचे जलाशय यांच्यासाठी आहे, आणि तेही पावसाळा संपल्यावर. उघड्या समुद्रात नवख्या जोडप्याने टँडेम घालायची नाही. कयाक म्हणजे इथे वरून बसायची, पृष्ठभागावर पाणी निघून जायला भोकं असलेली प्लास्टिकची होडी. पाय आत घालून बसायच्या बंद कयाकवर रॉड, जाळं आणि दोन माणसं यांची भट्टी जमत नाही.

पहिली पायरी: रॉड कोणाच्या हातात असणार?

चहा घेताना दोघांनी एकमेकांना हा प्रश्न विचारा आणि खरं उत्तर द्या. तीन शक्यता असतात.

एकाला मासेमारीचं वेड आहे आणि दुसऱ्याला पाण्यावर जायला, पक्षी बघायला, फोटो काढायला आवडतं. टँडेम यांचीच. वेडा माणूस पुढे बसून गळ टाकतो, दुसरा मागून होडी सांभाळतो, कंटाळा आला की थर्मास उघडतो. वेड नवऱ्यालाच असेल असं धरून चालू नका. खाडीकाठी लहानपण गेलेल्या बायका गळाला आमिष लावण्यात भल्याभल्यांना मागे टाकतात आणि नवरा शहरातला, कोलंबी हातात धरताना तोंड वाकडं करणारा, असंही बघायला मिळतं.

दुसरी शक्यता: दोघंही नवखे आणि एकाला पाण्याची भीती. इथेही पहिलं वर्ष टँडेमच बरी. भिणारा माणूस एकट्याच्या कयाकवर बसला, की वाऱ्याने दहा मीटर लांब गेला तरी घाबरतो. टँडेमवर त्याला दुसऱ्याचा आवाज चार फुटांवरून येत असतो. पण ज्याला पोहता येत नाही, त्याने आधी पोहायला शिकावं. लाइफ जॅकेट हे पोहण्याला पर्याय म्हणून घालायचं नसतं.

तिसरी: दोघंही पक्के, दोघांनाही रोज पहिला मासा आपला हवा. यांनी दोन वेगळ्या कयाक घ्याव्यात. इथे मी जरासुद्धा मधला मार्ग सुचवणार नाही.

याला जोडून आणखी एक गोष्ट बघायची: तुम्ही मासे कसे धरता. नांगर टाकून कोलंबीच्या आमिषावर काळुंदर, पालू, शेंगाळा यांची वाट बघत बसणं तुम्हाला आवडत असेल, तर टँडेमवर दोघंही एकाच वेळी मासेमारी करू शकतात, कारण होडी जागेवर असते. तिवरांच्या कडेकडेने जात लूर (खोटं आमिष) फेकून तांबोशी किंवा जिताडा धरायचा असेल, तर मात्र दीड माणसाचा हिशोब लागू होतो. दोघांनी एकदम लूर फेकायला सुरुवात केली, की होडी प्रवाहाबरोबर तिवरात शिरते आणि पुढची दहा मिनिटं लूर सोडवण्यात जातात.

ही दीड माणसाची रचना कशी कामाला येते, ते जरा जवळून बघा. तांबोशी मुळांच्या आडोशाला बसलेला असतो. लूर मुळाशेजारी पडते, दोन-तीन झटके, आणि मासा ती घेतो. घेतल्या घेतल्या तो वळतो परत मुळांत. एकट्याच्या कयाकवर या क्षणी तुमच्याकडे दोनच हात असतात आणि दोन्ही रॉडवर असतात. ड्रॅग (रिळावरचा दोरी अडवणारा ब्रेक) कितीही घट्ट केला तरी हलकी होडीच माशामागे ओढली जाते, मासा मुळांना वळसा घालतो आणि दोरी तुटते. टँडेमवर मागचा माणूस त्याच क्षणी वल्हं उलटं मारतो. चार-पाच जोरकस फटके, आणि होडी माशाला घेऊन उघड्या पाण्यात. पुढच्याने फक्त रॉड वर धरायचा. हा मासा कोणाचा, यावर घरी वाद घालायला हरकत नाही. माझ्या मते अर्धा मागच्याचा.

दुसरी पायरी: वजन, आणि ते खरं सांगणं

प्रत्येक कयाकवर कमाल भार लिहिलेला असतो. त्यात माणसं, सामान, पाणी, बर्फ, पकडलेले मासे सगळं आलं. ती मर्यादा म्हणजे होडी कशीबशी तरंगते तो आकडा. मासेमारीसाठी त्याच्या 70 टक्क्यांच्या आत राहावं, असा जाणत्यांचा ठोकताळा आहे.

उदाहरण घ्या. एकाचं वजन 82 किलो, दुसऱ्याचं 64. झाले 146. दोन लाइफ जॅकेट, दोन वल्ही, तीन-चार रॉड, लूरचा डबा, नांगर आणि दोरी, पाच लिटर पाणी, बर्फाचा डबा, डबा-खाऊ: हे 20 ते 25 किलोला सहज जातं. एकूण 170. आता 170 हे 70 टक्के यायचे असतील, तर मर्यादा 240 किलोच्या पुढची हवी. बारा फुटी टँडेमची मर्यादा बहुधा 180 ते 230 किलोच्या दरम्यान असते. म्हणजे या जोडप्याला साडेतेरा-चौदा फुटी होडी बघावी लागेल, आणि मग चौथ्या पायरीतला गाडीचा प्रश्न आणखी अवघड होईल.

हवा भरायच्या स्वस्त होड्यांचंही तसंच. इंटेक्सची एक्सप्लोरर के2 ही जगभर खपणारी दोन माणसांची होडी. तिची मर्यादा 180 किलो. त्याचे 70 टक्के 126. दोन मध्यम बांध्याची माणसं बसली की संपलं, मासा घ्यायला जागा नाही.

भार जास्त झाला की काय होतं? होडी बुडत नाही, पण खाली बसते, आणि पाणी बाहेर जाण्याची भोकं पाणी आत घ्यायला लागतात. दोघंही दिवसभर पाण्याच्या थारोळ्यात बसून राहतात. भोकांना बुचं मारली तर लाटेचं आत आलेलं पाणी बाहेर जात नाही. पुढचा माणूस फार जड असेल तर नाक पाण्यात रुततं आणि होडी सरळ जायला नकार देते. मागची बाजू थोडी जड असलेली बरी. तुमच्यातला हलका माणूस पुढे बसणार असेल, तर बर्फाचा डबा त्याच्या पायाशी द्या.

तिसरी पायरी: घरातल्या घरात, झाडूच्या काठ्या घेऊन

जी कयाक डोक्यात आहे तिच्या दोन बैठकांमधलं अंतर कंपनीच्या आकृतीवरून किंवा दुकानात टेप लावून मोजा. बारा फुटी होडीत ते साधारण साडेतीन ते चार फूट असतं. आता हॉलमध्ये खडूने त्या अंतरावर दोन खुणा करा, पाय लांब करून एकामागे एक जमिनीवर बसा आणि हातात काठ्या धरून वल्हवल्यासारखं करा.

हसू येईल, पण दोन मिनिटांत बरंच कळतं. दोघांची लय जुळली नाही की काठ्या एकमेकींवर आपटतात. नियम सोपा आहे: लय पुढच्याची, दिशा मागच्याची. पुढच्याला मागचा दिसत नाही, म्हणून मागच्यानेच पुढच्याच्या वल्ह्याकडे बघून आपलं वल्हं पाडायचं. ज्याला सतत दुसऱ्याच्या तालावर चालण्याचा राग येतो, त्याला मागे बसवू नका. दोघांनाही राग येत असेल तर उत्तर तुम्हाला दिवाणखान्यातच मिळालं, पेट्रोल वाचलं.

तसंच बसून आता रॉड हातात घ्या (लूर आणि गळ काढून) आणि फेकल्याचा हावभाव करा. सात फुटी रॉड पुढच्याने मागे नेला, की त्याचं टोक थेट मागच्याच्या टोपीवरून जातं. आडवा फेकायला गेला तर डोळ्यांच्या उंचीवरून जातं. टँडेमचा खरा धोका उलटण्यात कमी आणि यात जास्त आहे. लूरच्या तीन टोकांच्या गळाला काटे असतात, तो कानाच्या पाळीत किंवा भुवईत शिरला की डॉक्टरशिवाय निघत नाही, आणि खाडीतून डॉक्टरपर्यंत तास-दीड तास सहज जातो.

म्हणून टँडेमवर काही गोष्टी ऐच्छिक ठेवायच्या नाहीत. रॉड सहा-साडेसहा फुटांचे. पुढच्याने खालून, मनगटाच्या झटक्याने लूर टाकायची आणि ती समोरच्या अर्ध्या वर्तुळातच. मागच्याने फक्त बाजूला आणि मागे. फेकण्याआधी तोंडाने सांगायचं, दरवेळी, कंटाळा आला तरी. तीन टोकांचे गळ काढून एकेरी गळ लावायचे आणि पकडीने त्यांचे उलटे काटे दाबून सपाट करायचे. त्याने थोडे मासे सुटतात, सुटू देत. दोघांच्याही डोळ्यांवर चष्मा, डोक्यावर टोपी. आणि हाताशी अशी कातरपकड, जी गळाची तार तोडू शकते.

शेंगाळ्याबद्दल वेगळं सांगायला हवं. त्याच्या पाठीवरचा आणि दोन्ही बाजूंचे काटे ताठ असतात, टोचले तर हात ठणकतो, सूज येते. एकट्याच्या होडीवर तो तुमच्याच पायांशी आपटतो. टँडेमवर पुढच्याने तो झुलवत आत घेतला, तर तो मागच्याच्या मांडीवर उतरतो. जाळ्यात घ्या, पकडीने धरा, पाण्यावरच गळ काढा.

चौथी पायरी: पाण्यापर्यंत पोचवायची कोणी?

कयाकची परीक्षा पाण्यात होते असं लोकांना वाटतं. ती खरं म्हणजे पार्किंगमध्ये होते. प्लास्टिकची टँडेम रिकामी असताना 30 ते 40 किलो भरते, पेडलवाली असेल तर त्याहून जास्त. बारा फुटी टँडेमची लांबी वॅगन आरच्या लांबीइतकीच असते, आणि वॅगन आरचा टप जमिनीपासून साडेपाच फुटांवर. दोघांच्या उंचीत बराच फरक असेल, तर वर चढवताना सगळं वजन बुटक्या माणसाकडे सरकतं. दोन सोप्या युक्त्या: आधी एक टोक मागच्या काचेच्या वर जाड गादीवर टेकवायचं आणि मग दोघांनी मिळून पुढे ढकलायचं, आणि जाताना नाही, तर येताना उचलून बघायचं. उन्हात पाच तास काढल्यावर तीच होडी दुप्पट जड लागते. टपावर किती किलो चालतात ते गाडीच्या पुस्तिकेत बघा, आणि पट्ट्यांनी आवळण्याबरोबर पुढचं-मागचं टोक बंपरच्या हुकाला बांधा.

इथे टँडेमच्या विरोधात एक मुद्दा आहे जो कोणी बोलत नाही. ती दोघांशिवाय हलत नाही. एकाला रविवारी ऑफिसचं काम निघालं की दुसऱ्याची मासेमारीही बुडाली. म्हणून तिसरी, मधली बैठक असलेली टँडेम मिळाली तर बघा. ओशन कयाकची मालिबू टू ही अशा रचनेची जुनी, नावाजलेली होडी: बारा फुटी, आणि मध्ये बसून एकट्याला वल्हवता येते. दोनच बैठकांच्या होडीत एकटा माणूस मागे बसला की पुढचं टोक हवेत जातं आणि वारा ते हवं तिकडे फिरवतो.

ठेवायची कुठे? सोसायटीच्या लिफ्टमध्ये ती जाणार नाही. जिन्याच्या वळणावर जाईल का, हे मोजून घ्या, नाहीतर पार्किंगच्या भिंतीला. उन्हात नाही, आणि तिच्या हँडलांना दोऱ्या बांधून लटकवून तर नाहीच, मध्ये वाकते. कुशीवर, दोन रुंद पट्ट्यांच्या आधाराने ठेवा. सोसायटीच्या सेक्रेटरींना होडी आणण्याआधी सांगितलं तर नंतरची सभा टळते.

हवेची होडी हा सगळा ताप वाचवते, माळ्यावर मावते. खाडीत मात्र तिचा शत्रू कालवं. तिवरांच्या मुळांवर आणि खडकांवर कालवांच्या शिंपल्या पात्याच्या धारेच्या असतात. धरणाच्या पाण्यात हवेची चालेल. खाडीच्या कडेने मासेमारी करायची असेल तर मी घेणार नाही.

पाचवी पायरी: भाड्याने घ्या आणि मुद्दाम उलटी करा

गोव्यात आणि तारकर्ली-देवबागच्या पट्ट्यात कयाक भाड्याने मिळतात, त्यात टँडेम बऱ्याच असतात. त्या मासेमारीच्या नसतात, आपल्या चाचणीला चालतात. दोन-तीन तासांसाठी घ्या, मालकाला काय करणार आहोत ते सांगा, कमरेएवढं पाणी आणि वाळूचा तळ असलेली जागा निवडा.

पहिला तास फक्त वल्हवा. वाऱ्याच्या विरुद्ध जा, वळा, मागे घ्या, एका खांबाजवळ जाऊन थांबून दाखवा. थांबणं सगळ्यात अवघड. "डावीकडे" म्हटल्यावर होडी डावीकडे न्यायची की वल्हं डावीकडे मारायचं, हे आधी ठरवून घ्या. नवखी जोडपी भांडतात ती बहुतेक यावरच.

दोन माणसं आहेत म्हणून वेग दुप्पट होईल अशी आशा धरू नका. पाणी कापत जाणाऱ्या होडीचा वेग तिच्या पाण्यातल्या लांबीवर अडतो. बारा फुटीला तो साधारण साडेचार नॉट, म्हणजे ताशी आठ किलोमीटरच्या आसपास, त्यापुढे कितीही जोर लावा, लाट उठते, वेग वाढत नाही. दोघांचा फायदा वेगात नाही, दमण्यात आहे: तेवढंच अंतर कमी थकून कापलं जातं.

मग लाइफ जॅकेट घालून होडी उलटी करा. सरळ करा. एकाने एका बाजूची कड धरून वजन टाकायचं, दुसऱ्याने समोरच्या बाजूने पोटावर सरकत वर यायचं, वळून बसायचं. मग वर बसलेल्याने पहिल्याच्या विरुद्ध बाजूला कलून त्याला वर येऊ द्यायचं. आता हेच पाय तळाला न लागणाऱ्या पाण्यात, काठाजवळ, मालकाच्या नजरेसमोर. दोघंही दोन-दोन वेळा चढू शकलात तर पुढचं बोलू. एकालाही चढता आलं नाही, तर टँडेमचा विचार काही महिने थांबवा. याला अपवाद नाही, वजन, वय, उत्साह काहीही असो.

आणि एक व्यवहारी गोष्ट, जी आम्हा पुरुषांनी लिहिलेल्या मार्गदर्शकांत सहसा नसते. पाण्यावर चार तास स्वच्छतागृह नाही. ओहोटीला काठाला चिखल, भरतीला काठच नाही. म्हणून पहिल्या फेऱ्या तीन तासांच्या आत ठेवा आणि मध्ये उतरता येईल असा एखादा धक्का किंवा जेटी नकाशावर आधी हेरून ठेवा. ही सोय नसेल तर एक जण पाणीच कमी पितो आणि एप्रिलच्या उन्हात आजारी पडतो.

सहावी पायरी: पहिली फेरी कोणत्या तिथीला

कोकणातल्या खाडीत 35-40 किलोची होडी आणि गुडघाभर चिखल एकत्र आले की संसाराची कसोटी लागते. हे टाळायचं तर होडी घालताना आणि काढताना पाणी काठाला हवं.

किनाऱ्यावरचे जुने लोक वापरतात ते गणित उपयोगी पडतं: तिथीला तीनाने गुणा, चाराने भागा, भरतीची वेळ आली. पंचमीला 5 गुणिले 3 भागिले 4, म्हणजे पावणेचार. एकादशीला सव्वाआठ. साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी. खाडीत जितकं आत जाल तितकी भरती उशिरा पोचते. गणित अंदाजाला, पक्क्या वेळेसाठी त्या बंदराचा भरती-ओहोटीचा तक्ता बघायचा.

नवख्यांसाठी मला दशमी ते द्वादशी बऱ्या वाटतात. सकाळी पावणेसातला होडी घातली, की चढत्या पाण्याबरोबर आतल्या बाजूला जायचं, साडेसात ते नऊच्या दरम्यान पाणी थांबतं तेव्हा वळायचं, आणि उतरायला लागलेल्या पाण्याबरोबर परत. दोन्ही वेळा प्रवाह तुमच्या बाजूने आणि काठाला अजून पाणी. शिवाय हे दिवस भांगाच्या, म्हणजे लहान भरतीच्या, जवळचे, पाण्याला ओढ कमी. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात नवख्यांनी जाऊच नये. घरात एकादशी पाळत असतील आणि त्या दिवशी मासे धरण्यावरून बोलणी बसणार असतील, तर द्वादशी आहेच.

वाऱ्याचं एक लक्षात ठेवा. हिवाळ्यात सकाळी जमिनीकडून मतलई वारा वाहतो, गार आणि छान. आतल्या खाडीत तो निरुपद्रवी. मुखाजवळ मात्र तो तुम्हाला समुद्राकडे ढकलत असतो, आणि त्यात ओहोटी मिळाली तर दोघांच्या वल्ह्यांनीही परत येणं जड जातं. दुपारी वारा उलटून समुद्राकडून येतो आणि पाणी खवळतं. म्हणून मुखाकडे जायचं नाही, आणि अकराच्या आत काठावर.

जागा निवडताना स्थानिकांना विचारा. वाशिष्ठीत चिपळूणकडच्या बाजूला, महाडजवळ सावित्रीत आणि गोव्यात कुंभारजुवे कालव्यात मगरी आहेत. अशा पाण्यात पाय बाहेर सोडून बसू नये, पकडलेले मासे दोरीला ओवून पाण्यात लोंबत ठेवू नयेत. पहिल्या फेरीला तिथे जाऊच नका. मालवणचं सागरी अभयारण्य 1987 पासून आहे, तिथे गळ टाकण्याआधी वन विभागाकडे विचारा. धरणांचे जलाशय मासेमारी सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेले असतात. संस्थेच्या माणसाला भेटून परवानगी घ्या. खाडीतही कोणाची जाळी कुठे लागली आहेत ते विचारून घ्या आणि त्यांच्यापासून लांब राहा. आपण हौसेला जातो, त्यांचं पोट त्यावर आहे.

सातवी पायरी: घ्यायचीच ठरली तर

रुंदी 34 ते 36 इंच बघा. त्याहून अरुंद टँडेम डोलते, त्याहून रुंद असेल तर वल्हं पाण्यापर्यंत पोचवताना बोटं कडेवर घासतात. वल्ही 230 ते 240 सेंटिमीटरची लागतील, दुकानदार होडीबरोबर जी आखूड देतो ती बदलून मागा.

पेडलवाली घ्यावी का? होबीने 1997 मध्ये पायाने चालणारी मिराज ड्राइव्ह आणली तेव्हापासून मासेमारीच्या कयाकचं चित्र बदललं, कारण हात मोकळे राहतात. टँडेमवर तर दीडाचे जवळजवळ दोन होतात. पण पेडलची पाती होडीखाली फूट-दीड फूट जातात. ओहोटीच्या चिखलात, तिवरांच्या मुळांत ती अडकतात. जलाशयासाठी उत्तम, उथळ खाडीसाठी वल्हं बरं. किंमत आणि वजन दोन्ही बरंच वाढतं, हे वेगळं सांगायला नको.

रॉड होल्डर चार असतील तर बैठकांच्या मागे कोणते येतात ते बसून बघा. पुढच्याच्या पाठीमागे उभे रॉड म्हणजे मागच्याच्या तोंडासमोर कुंपण. ते काढून बाजूला बसवता येतात का विचारा.

नांगर फक्त पुढच्या किंवा मागच्या टोकाला बांधायचा. बाजूला बांधलेला नांगर प्रवाहात होडी आडवी करतो आणि उलटवतो. दोरीला असा फास द्या, जो एका ओढीत सुटेल, आणि तिच्या शेवटी तरंगणारं बोया लावा, म्हणजे मोठा मासा लागला की दोरी सोडून माशामागे जाता येईल.

पैशांचा हिशोब करताना फक्त होडीची किंमत बघू नका. दोन एकेरी कयाक घेतल्या तर टपावरचे पट्टे आणि नांगर दोन लागतात, पण एकेरी कयाक एकट्याला उचलता येते, एकट्याला वापरता येते आणि विकायला सोपी जाते. टँडेमचं गिऱ्हाईक कमी.

याच कारणाने जुनी टँडेम बऱ्यापैकी स्वस्त मिळते, आणि पहिल्या वर्षासाठी मी तीच सुचवेन. बघायला जाल तेव्हा तळाखाली हात फिरवा: काँक्रीटवरून ओढलेल्या होडीचं मागचं टोक पातळ झालेलं असतं, अंगठ्याने दाबलं की दबतं. मग मागचं बूच लावून हॅचमधून (वरच्या झाकणातून) दोन-तीन बादल्या पाणी आत ओता, होडी एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला कलती करा, आणि पाण्याच्या भोकांच्या कडा बाहेरून कोरड्या फडक्याने पुसून पाच मिनिटं थांबा. फडकं ओलं झालं तर तिथे तडा आहे. विकणारा म्हणेल की एवढंसं तर कोणीही वेल्ड करून देतं. त्याला म्हणा, तुम्ही करून ठेवा, आम्ही पुढच्या रविवारी परत येतो.